कॉस्प्लेच्या स्पर्धेआधी आम्हाला अर्धा तास द्या की!

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत टिळकवाडीच्या एका काकांचं पत्र छापून आलंय, शहरात झालेल्या अॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनच्या फॅन लोकांच्या मेळ्याबद्दल. त्यात त्यांनी लिहिलंय की पोरं निळेजांभळे टोप घालून फिरत होती ते एक वेळ चालेल, खरं स्टेजवर कॉमेडीच्या नावाखाली जो पाचकळपणा चालला होता तो बघून नातवंडांना घेऊन मधेच उठून आलो, पुढच्या वेळी असलं काही ठेवू नये. मी त्या मेळ्याला होतो. काकांचं अर्धं पत्र मला शंभर टक्के पटलं आणि उरलेलं अर्धं अजिबात पटलं नाही म्हणून हे लिहायला बसलोय, मोठं झालं तर कात्री लावा तुमची, हरकत नाही.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपच्या ऑफिसात बिलं बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी असल्या मेळ्यांत कॉमेडी करतो, बेळगाव झालं, हुबळी झालं, कधी कोल्हापूर. स्टेजवरचा माझा जोडीदार गोकाकचा आहे, घरात कन्नड, शाळा कन्नड, मराठी आमच्याबरोबर हिंडून हिंडून आलेलं. पैसे म्हणाल तर बसभाडं निघतं, वडापाव निघतो, कधी तेपण नाही. घरचे विचारतात काय मिळतं ह्यातनं, त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तर त्या दिवशी काय झालं ते आधी सांगतो. आयोजकांनी मोठ्या शहरातनं एक स्टँडअपवाला आणला होता, पोस्टरवर त्याचाच फोटो सगळ्यात मोठा. त्यानं ह्यातलं एकही कार्टून बघितलेलं नव्हतं आणि ते त्यानं आल्या आल्या मोठ्या अभिमानानं सांगून पण टाकलं, मग विषय काय उरला, तर समोर बसलेली पोरं. वडगावच्या एका पोरानं रविवार पेठेतनं फोम शीट आणून, ग्लू गननं बोटं भाजून घेऊन चिलखत केलेलं, त्याला हा म्हणतो आईची योगा मॅट कापलीस काय. एवढ्यावर थांबला असता तर आम्हीपण हसलो असतो. त्यानंतर त्याचे जोक एका पोरीच्या अंगावर घसरले, मग दुसऱ्या एकाच्या जाडीवर, मग शिव्या, आणि पहिल्या रांगेत शिनचॅनचा टी शर्ट घातलेलं चौथी पाचवीतलं पोरगं आईच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. काका उठून गेले ते बरोबरच केलं त्यांनी. चिलखतवाला पोरगा पण गेला, सोंगांच्या स्पर्धेच्या निकालाला थांबला नाही.

खरं ह्याच्यावर इलाज म्हणून कॉमेडीच बंद करा म्हणणं म्हणजे एका भटजीनं मुहूर्त चुकवला म्हणून लग्नंच बंद करा म्हटल्यासारखं झालं. असल्या मेळ्यात हसवणारा माणूस पाहिजेच, फक्त तो त्या पोरांतला पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याची फोड समजा.

काकांना आणि त्यांच्या वयाच्या वाचकांना हे प्रकरण कुठनं आलं ते थोडक्यात सांगतो, कारण पत्रात त्यांनी "हे मोबाईलमुळे आलेलं नवीन खूळ" असं लिहिलंय. टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात कॉमिकेट नावाचा मेळा पहिल्यांदा भरला, फॅन लोकांनी स्वतः काढलेली, स्वतः छापलेली कॉमिक विकायला. तेव्हा साताठशे माणसं आली होती म्हणतात, आता लाखांत येतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकात मोठमोठे मेळे सुरू झाले, आपल्याकडं २०११ ला दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झालं, मग मुंबई, बेंगळूर. आमच्या पिढीला हे सगळं टीव्हीवरनं हिंदीत मिळालं, डोरेमॉन, शिनचॅन, नारुतो, ड्रॅगन बॉल, शाळेतनं येऊन दप्तर फेकलं की तेच. आणि काळजी करणारे काका तेव्हापण होते, २००८ साली शिनचॅन पोरं बिघडवतोय म्हणून सरकारनं बंदच करून टाकलेलं, पुढच्या वर्षी काटछाट होऊन परत आलं. आम्ही बिघडलो काय ते आमच्या आयांना विचारा.

आपल्याकडचा मेळा म्हणजे काय, तर कॉलेजचा हॉल, कडेनं स्टिकर आणि कीचेनचे स्टॉल, एक क्विझ, थोडी गाणी आणि शेवटी कॉस्प्लेची स्पर्धा. कॉस्प्ले म्हणजे आपल्या आवडत्या पात्राचं सोंग घेणं, नुसतं कपडे घालून भागत नाही, चालायचं पण तसं, बोलायचं पण तसं. आपल्या गल्लीत शिवजयंतीच्या चित्ररथावर महाराज, मावळे उभे राहतात ती पोरं दोन दोन तास पापणी हलवत नाहीत, त्यांचं आपण कौतुक करतो की नाही? आता कॉमेडी ह्यात कुठं येते, तर परीक्षक आत बसून मार्कांची बेरीज करत असतात तेव्हा. म्हणजे लोकांना निकाल पाहिजे असतो, मोबाईलची बॅटरी संपलेली असते, कुणाचा बाप बाहेर गाडी घेऊन हॉर्न वाजवालाय, आणि अँकर म्हणतो तोपर्यंत थोडी कॉमेडी बघूया. अॅनिमेत मूळ गोष्ट पुढं जाईना की मधे भरताड एपिसोड घालतात, फॅन लोक ते पळवत पळवत बघतात, आमचं तसंच होतं.

बाकी ह्या पब्लिकसमोर उभं राहणं ही वेगळीच परीक्षा आहे बघा. नाट्यगृहात माणसं तिकीट काढून, अंधारात, तोंड पुढं करून बसतात. इथं अर्धे लोक उभेच असतात कारण चिलखत घालून खुर्चीत बसताच येत नाही, पाठीला पंख लावलेला पोरगा दारात अडकून पडलेला असतो, शेजारच्या स्टॉलवर जपानी गाणं फुल आवाजात. वर तोंडाला मास्क, डोक्याला हेल्मेट, त्यामुळं माणूस हसला की नाही तेच कळत नाही. आवाज आतल्या आत राहतो. सुरवातीला वाटायचं सगळा हॉल गप्प आहे, मग हळूहळू लक्षात आलं की खांदे बघायचे, खांदे हलले म्हणजे आपलं काम झालं.

आणि हे लोक आपल्यापेक्षा जास्त बघितलेले असतात. वन पीस नावाचं एक कार्टून १९९९ पासून चालू आहे, अकराशेच्या वर एपिसोड झाले, ते सगळं बघून बसलेली पोरं समोर असतात आणि तुम्ही एका पात्राचं नाव चुकलात तर मागनं चार जण ओरडून दुरुस्त करतात. खरं त्याच हॉलमध्ये काल परवा बघायला सुरवात केलेलं पोरगं पण असतंय, त्याच्यासमोर पुढचं गुपित फोडलंत तर रडायचंच बाकी राहील, म्हणून आम्ही आधी विचारून घेतो, कुठवर आलाय रे, हात वर करा. हे असलं बाहेरच्या स्टँडअपवाल्याला सुचणारच नाही कारण त्याच्या लेखी ते सगळं कार्टूनच.

जोक तरी कसले असतात म्हणून काका विचारतील. एक सांगतो, आमचा हमखास चालणारा. अॅनिमेत हिरो मारामारी करताना हाणायच्या आधी त्या डावाचं नाव गाव सगळं ओरडून सांगतो, मग तो कुठल्या गुरूकडं शिकला ते सांगतो, मग लहानपणची आठवण, मग पाऊस, मग हाणतो. आम्ही म्हणतो हे आमच्या आखाड्यात करून बघ. खानापूरकडच्या जत्रेत लाल मातीत दोन पैलवान भिडलेत, आणि एकजण मधेच थांबून हात वर करून ओरडालाय, "आता बघ माझा धोबीपछाड! जो मला माझ्या वस्तादांनी पहाटे चार वाजता, धारोष्ण दूध पाजून..." तोवर तो चीत. आणि बाजूनं वस्ताद, "सांगत काय बसलाईस, हाण की!" ह्यावर पंख लावलेला पोरगा पण हसतो आणि त्याला सोडायला आलेला बाप पण हसतो, बाप जरा जास्तच, कारण त्यानं आखाडा बघितलेला असतो. बापाला कार्टून माहीत नाही, पोराला धोबीपछाड माहीत नाही, दोघं एकमेकाकडं बघतात. मला वाटतं मी त्यासाठीच हे करतो, बसभाड्यासाठी तर नक्कीच नाही.

आता जोडीचं. जपानात मांझाई म्हणून एक प्रकार आहे, दोन माणसं, मधोमध एकच माइक उभा, सोनीचा सी-३८, त्याला ते लोक लाडानं सानपाची म्हणतात. एक येडपट बोलणारा, त्याला बोके म्हणतात, दुसरा त्याला झापणारा, तो त्सुक्कोमी. ओसाका हे त्याचं माहेरघर, तिथली योशिमोतो नावाची कंपनी १९१२ पासून ह्या धंद्यात आहे, आणि २००१ ला एम-वन म्हणून देशभर स्पर्धा सुरू झाली, फायनलला चार मिनिटं मिळतात फक्त. चार मिनिटांत आयुष्य बदलतं एकेकाचं. मी हे पहिल्यांदा यूट्यूबवर बघितलं, भाषा कळत नव्हती तरी वाटलं हे आपण बघितलंय कुठंतरी. मग आजोबांनी सांगितलं, ही तर बतावणी की रे. तमाशात गण झाला, गौळण झाली, की वगाच्या आधी सरदार आणि सोंगाड्या यायचे, सोंगाड्या वाकडं बोलायचा आणि सरदार त्याला ओढून सरळ करायचा, लोक पोट धरून हसायचे. म्हणजे आमच्या मेळ्यात कॉस्प्लेच्या आधी जी जागा आम्ही मागतोय ती आमच्या आजोबांच्या वेळी ठरलेलीच होती, आम्ही काही नवीन मागत नाही.

ह्यात आमच्या बेळगावला एक जास्तीचा फायदा आहे, तो मुंबईच्या माणसाला कधी मिळायचा नाही. माझा जोडीदार येडपट, तो कन्नडमधनं बोलतो. मी झापणारा, मी मराठीतनं झापतो. झापणाऱ्याचं कामच असं असतंय की समोरच्याचं येडेपण परत बोलून दाखवायचं, "अरे तू असं म्हणालास?" म्हणून, त्यामुळं ज्याला कन्नड येत नाही त्याला माझ्या झापण्यातनं सगळं कळतं, आणि ज्याला मराठी येत नाही त्याला जोक आधीच कळलेला असतो, तो माझ्या तोंडाकडं बघून हसतो. वेगळं भाषांतर करायला लागत नाही.

उदाहरण देतो. अॅनिमेत कुठलाही हिरो ताकद कमवायला धबधब्याखाली बसून ध्यान करतो, हे ठरलेलं. तर जोडीदार छाती काढून कन्नडमधनं सांगतो की मीपण गोकाकच्या धबधब्याखाली बसून तप केलंय. मी म्हणतो, "गोकाकच्या धबधब्याखाली? अरे पावणेदोनशे फुटाच्या आसपास आहे तो, वरनं घटप्रभा पडतीय, तुझा कणा हिडकल डॅमला नाही तर खाली बागलकोटला सापडला असता!" तो म्हणतो, "याकले?" म्हणजे का रे? मी म्हणतो, "याकले काय याकले, पाणी कसं सोसलंस ते सांग!" आणि तो शांतपणे, "बेसग्यागं कुंतिद्या." मग मी कपाळावर हात मारून, "उन्हाळ्यात बसला होता म्हणे! धबधबा बंद असताना!" उन्हाळ्यात तिथं नुसता कातळ असतो हे इकडच्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं हॉल कोसळतो. (हिडकल डॅम गोकाकच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला आहे, कणा उलटा कसा जाईल म्हणून एका इंजिनियरिंगच्या पोरानं उभं राहून मला स्टेजवरच पकडलं होतं, तेव्हापासनं ती चूक आम्ही मुद्दाम ठेवलीय, जोडीदार तिथंच मला झापतो.)

बेंगळूरला हा जोक पडेल आणि पुण्यात तर कुणाला गोकाकच माहीत नसेल, खरं निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी ह्या पट्ट्यात कुठंही करा. म्हणून बाहेरचा मोठा फोटोवाला आणण्यापेक्षा इथली पोरं घ्या म्हणतोय मी. इथल्या कॉलेजांत आमच्यापेक्षा भारी करणारी पोरं पोरी आहेत, नुसती होस्टेलच्या गच्चीवर करतात.

भाषेवरनं आयोजक घाबरतात हे मला माहीत आहे. आम्हाला फोनवर पहिला प्रश्न तोच येतो, कार्यक्रम कुठल्या भाषेत, मराठी जास्त होईल काय, कन्नड कमी होईल काय, कुणी येऊन बंद पाडेल काय, त्यापेक्षा हिंदीतच करा ना. एक नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सव, दुसरीकडं काळा दिन, त्याच्या आसपास तर कुणी बोलवतच नाही. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, त्याचं जे व्हायचं ते तिथं होईल, माझं मत काय ते तुमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, खरं नारुतोचा टोप घातलेल्या पोराला त्यात कशाला धरायचं. आणि इतिहासच काढायचा झाला तर १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांनी बघितले म्हणून, आणि त्या खेळात विदूषक होताच. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. आपल्या सभांत ही नावं घेतात, पुलं इथल्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते हे तर दर भाषणात येतंच, टाळ्या पडतात, मग नवीन पोरगं उभं राहून दोन भाषेत काही करायला लागलं की माइक बंद.

आता काय पाहिजे ते सांगतो. कॉमेडी मेन स्टेजवर नको, शेजारची एक वर्गखोली द्या, दार बंद होणारी, पन्नासेक खुर्च्या एकमेकाला चिकटून, कारण लांब लांब बसलेली माणसं हसायला लाजतात. मागच्या बाजूला उभं राहायला जागा ठेवा, पंखवाल्यांसाठी. एक स्टँडचा माइक पुरे. वेळ कॉस्प्लेच्या स्पर्धेच्या आधीचा द्या, निकालाच्या वेळेचा नको, आणि सगळ्यांना मिळून अर्धा तास, त्यात आमची जोडी सात आठ मिनिटांपेक्षा जास्त मागणार नाही, बाकीचा वेळ कॉलेजच्या पोरांना. परदेशातल्या मेळ्यांत कॉस्प्लेवाले स्वतःच छोटे छोटे विनोदी प्रवेश करतात, आवाज आधी रेकॉर्ड करून आणतात म्हणजे माइकची भानगड नाही, तसलं पण ठेवा की.

आणि एक नियम लिहून लावा बाहेर. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनला २०१४ पासून मोठे बोर्ड लावतात की कॉस्प्ले केलाय म्हणजे अंगाला हात लावायची परवानगी दिली असं नाही, फोटो पण विचारून काढा. त्यात स्टेजवरचा माणूसपण धरायचा. कुणाच्या सोंगावर बोलायचं असेल तर आधी त्याला विचारायचं, नाही म्हणाला तर सोडून द्यायचं. आम्ही विचारतो. बहुतेक जण हो म्हणतात आणि वर स्वतःवरचा एखादा जोक आम्हालाच देतात, तो आमच्यापेक्षा चांगला असतो हे वेगळं. लहान पोरं हॉलमध्ये असतील तर शिव्या नाहीत. रात्री मोठ्यांसाठी वेगळं काही ठेवायचं असेल तर तसं पोस्टरवर स्पष्ट छापा, बाहेरच्या देशांत रात्री उशिरा अठरा वर्षांवरच्यांसाठी वेगळे कार्यक्रम असतात, ओळखपत्र बघून आत सोडतात. आपल्याकडं रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही त्यामुळं मैदानावर तरी तो प्रश्न तसाही मिटला.

तुमच्या पेपरालापण एक विनंती आहे. "शहरात आज" मध्ये असल्या मेळ्याची बातमी येते तेव्हा नुसतं "तरुणाईचा जल्लोष" लिहून टोपवाल्या पोरींचा फोटो टाकता, त्याऐवजी कुणी काय सादर केलं ते दोन ओळीत तरी लिहा, बरं नसेल तर बरं नव्हतं म्हणून लिहा, आम्हाला चालेल. आणि टिळकवाडीच्या काकांना निरोप, पुढच्या मेळ्याला नातवंडांना घेऊन या, आखाड्याचा जोक तुमच्यासाठीच आहे, त्यात डावाचं नाव चुकलं असेल तर उभं राहून सांगा, आमच्याकडं ती पद्धतच आहे.

आपला,
एक वाचक
वडगाव, बेळगाव